चांगला म्हणून ठेवलेला दोर

आमच्या डोंबिवलीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मलंगगड दिसतो. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत माझी नजर रोज त्याच्यावर असते, आणि तरी गेली पंधराएक वर्षं मी तिथे फिरकले नव्हते. घरातून दिसणाऱ्या डोंगराचं कसलं आलंय प्रवासवर्णन, असं तुम्ही म्हणाल. माझी धाकटी जाऊ तर तोंडावरच म्हणाली, "रिक्षानेच गेलात ना पायथ्याला, मग?" पण काश्मीर झालं, केरळ झालं, नेपाळही झालं, आणि तिन्हीकडे मिळून मला बसले नाहीत एवढे धक्के ह्या रिक्षाच्या प्रवासात बसले. लिहून काढल्याशिवाय ते डोक्यातून जायचे नाहीत.

जायची टूम वंदनाची. वंदना गायकवाड आणि मी टेलिफोनच्या कचेरीत शेजारी-शेजारी बसून निवृत्त झालो. तिचा नवरा अशोक आमचा म्होरक्या. तो, ठाकुर्लीचा बाळाराम भोईर आणि मी, तिघांनी मिळून जवळपासचा एकही गड सोडला नव्हता. वंदनाही यायची. पण मलंगगडाच्या वरच्या टप्प्यावर एके ठिकाणी वाट तुटलेली आहे आणि मधल्या खिंडारावर लोखंडी पाइप टाकलेला आहे, तिथे ती कायम अडायची. आम्ही पाइपावरून पलीकडे जाऊन बालेकिल्ला बघून यायचो आणि ती अलीकडे आमच्या सॅका सांभाळत बसायची. "पुढच्या खेपेला नेतो तुला," अशोक दर वेळी म्हणायचा. मग एके सकाळी, चहाचा कप हातात असतानाच, तो गेला. पुढची खेप राहूनच गेली.

"मीरा, मला तो पाइप ओलांडायचाय," वंदना ह्या थंडीत फोनवर म्हणाली. "आणि अशोकच्या दोरावरच."

अशोकने जायच्या थोडंच आधी नवा दोर घेतला होता. एक-दोनदा वापरला असेल नसेल. वंदनाला तो घरात बघवेना, म्हणून तिने तो बाळारामकडे दिला. "तुझ्याकडे ठेव, पण टाकू नकोस," एवढंच म्हणाली होती.

इथे एक सांगून ठेवते. अशोक माणूस मऊ, पण दोराच्या बाबतीत कसाई होता. दोर जुना झाला की तो आमच्या डोळ्यांदेखत त्याचे कात्रीने तुकडे करायचा. मी अंगावर धावून जायचे. "अरे, चांगला आहे अजून!" तो म्हणायचा, "चांगला दिसतोय. अख्खा ठेवला तर उद्या कुणीतरी त्याच्यावर विश्वास ठेवेल." मी ह्याला उधळपट्टी म्हणायचे. आमच्या घरात छत्री तीन पिढ्या टिकवतात, फाटलं की शिवतात आणि तुटलं की सांधतात.

कोपरी

सामान बघायला वंदनाकडे ठाण्याच्या कोपरीला जमलो. सामानाच्या आधी तिने जेवायला वाढलं. तिच्याकडे रविवारी मटण ठरलेलं, आणि मी खात नाही म्हणून माझ्यासाठी ठेचा घातलेलं पिठलं. नोकरीत असताना डबेही आम्ही असेच खाल्ले. झाकणं एकमेकींच्या डब्याला लागायची, कालवण नाही.

मग तिने कपाटावरून एक खोका काढला. आत डांबराच्या गोळ्या, वर्तमानपत्राचे बोळे आणि त्यांच्यामध्ये तिचे डोंगरात घालायचे बूट. अशोकने हौसेने घेऊन दिलेले, आणि "एवढे चांगले बूट चिखलात कशाला खराब करायचे" म्हणून तिने एकदाही न घातलेले. कातडं चकचकीत, नाड्यांना अजून दुकानातला कडकपणा होता. मला फार बरं वाटलं. वस्तू ठेवावी तर अशी.

तिने बूट चढवले, नाड्या आवळल्या, आणि हॉलमधून स्वयंपाकघरात जाऊन परत आली. फरशीवर तिच्या मागे काळे तुकडे पडत आले होते, करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखे.

"हे काय गं सांडलं?" तिने विचारलं आणि पाय उचलला. बूट वर आला. सोल फरशीवरच राहिला.

मी ओरडलेच. दुसरा पाय उचलला तर त्याचीही तीच गत. बोटांनी दाबलं तर सोलाचा भुगा होत होता. वापरून बूट झिजतात, हे मला समजतं. पण न वापरता? खोक्यात बसून? "एकदाही घातले नाहीत गं मी," वंदना पुन्हा पुन्हा म्हणत होती. मला एकदम माझ्या कपाटातला शालू आठवला, पाहुण्यांसाठी राखलेला डिनर सेट आठवला, आणि घरी जाऊन सगळं उघडून बघावंसं वाटलं.

त्याच संध्याकाळी स्टेशनजवळून तिला नवे बूट घेतले. दुकानातून ती ते पायात घालूनच बाहेर पडली.

वागळे इस्टेट

घरी जाऊन शालू बघितला, तो ठीक होता. तंबू मात्र ठीक नव्हता. पायथ्याला तंबू ठोकून राहायचं आम्ही ठरवलं होतं, आणि माझ्या तंबूची चेन बसत नव्हती. वागळे इस्टेटमध्ये एका गाळ्यात सॅका आणि तंबू शिवतात असं कळलं, म्हणून गुंडाळी तशीच उचलून वंदनाबरोबर तिकडे गेले. एका बाजूला छपाईची यंत्रं धडधडतायत, समोर काचेची नवी ऑफिसं, आणि मधल्या टपरीवर दोन्हीकडची माणसं एकाच बाकावर चहा पितायत, असा तो भाग आहे.

गाळ्याचा मालक बोलघेवडा होता. त्याने गुंडाळी सोडायला घेतली, पण ती सुटेना. कापड कापडाला चिकटलं होतं. ओढलं तसा आतला थर दुधाच्या सायीसारखा सुटून हाताला लागला, आणि ओकारीसारखा असा काही वास आला की मालक दोन पावलं मागे सरकला.

"मॅडम, आत कोण आहे?" त्याने विचारलं.

"चेन तेवढी बदलून द्या," मी म्हटलं.

"चेन बदलतो ना. पण पाणी अडवणारा थरच गेलाय. पाऊस आला की चेन लावून आत भिजत बसा."

"तुम्हाला नवा विकायचाय, म्हणून सांगताय!"

"विकायचाच आहे मॅडम. भजन करायला गाळा घेतलाय का मी?"

वंदना हसून हसून बाकावर बसली. मी काही नवा घेतला नाही. जुना मात्र त्यानेच मागून घेतला, स्कूटरवर घालायला. निघताना मागे वळून बघितलं तर ज्या तंबूत आम्ही हरिश्चंद्रगडावर दोन रात्री झोपलो होतो तो एका डबल सीटवर पसरला होता. मला काय वाटलं ते सांगत नाही.

ठाकुर्ली

बाळारामच्या घरी पूर्वी भातशेती आणि मिठागरं होती. आता शेताच्या जागी टॉवर आहे, आणि टॉवरच्या पुढे त्याचा बंगला. माणूस मात्र अजून तोच, मोठ्या आवाजाचा. तंबू गेल्याचं फोनवर कळलं होतं, म्हणून दारातच म्हणाला, "याव याव! तंबू नाय तर नाय, पायथ्याचे वाडीला माझे चुलतभावाची ओटी हाय."

त्याच्या बायकोने, सुनंदाने, तांदळाच्या पातळ भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी आणि माझ्यासाठी वालाचं बिरडं केलं होतं. जेवताना मी बूट आणि तंबूची रडकथा सांगितली. बाळाराम मान हलवत ऐकत होता. "तुमी ठेवताव कपाटान आनि विसरताव," तो म्हणाला. "आमी नाय विसरत. चला, दाखवतो."

जिन्याखाली मोठा इन्व्हर्टर होता, आणि त्याच्या बॅटरीवर, लाल कापडी पिशवीत, अशोकचा दोर. पिशवीवर हळदीकुंकवाची बोटं होती. आमच्याकडे खंडेनवमीला पाटी, पुस्तकं आणि फार तर एखादा पेचकस पुजतात. भोईरांकडे कोयते, विळे, ड्रिल, पाण्याचा पंप, दोन गाड्या आणि इन्व्हर्टर ह्या सगळ्यांना झेंडूची माळ पडते, आणि त्यांच्या ओळीत मानाची जागा ह्या दोराला. पहिल्या वर्षी पूजेला बॅटरीवर ठेवला तो तिथेच राहिला.

"इथं उंदीर येत नाय, ओल येत नाय, आनि जरा ऊब असते," बाळाराम म्हणाला. "आमचे देवघरानंतर हीच जागा."

"पिशवी तेवढी टिकत नाही," सुनंदा म्हणाली. "दरवेळी तळालाच विरते. मग मी ठिगळ लावते."

मी ते ठिगळ बघितलं. बारीक टाक्यांचं, नीट दुमडून घातलेलं, लाल कापडावर लालच. मी तिचं मनापासून कौतुक केलं. फेकून न देता ठिगळ लावणाऱ्या बायका आता राहिल्यात कुठे?

बाळारामने दोर काढला. निळा-केशरी, लखलखीत, कुठे एक धागा सुटलेला नाही. एक टोक मी धरलं, एक त्याने, आणि आम्ही अंगणात रस्सीखेच केली. वंदनाने दोर गालाला लावला. बूट गेले, तंबू गेला, पण जे खरं लागणार होतं ते जसंच्या तसं होतं. आम्हा तिघांचेही डोळे भरून आले.

मलंगगड

वाडीच्या ओटीवर झोप छान लागली आणि सकाळी धुक्यातच निघालो. पहिल्या टप्प्यापर्यंत पायऱ्या आहेत आणि भाविकांची गर्दी. सरबतवाले, फुलवाले, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, आणि "काकी, अजून खूप हाय!" म्हणून घाबरवणारे उतरते लोक. तिथून बाजूला फुटलं की एकदम शांतता लागते. पुढे कातळातल्या पायऱ्या, उभ्या आणि गुळगुळीत. खाली कल्याण, डोंबिवली आणि पलीकडची खाडी एका नजरेत दिसत होती. मी माझी खिडकी शोधत होते. एवढी वर्षं तिथून मी ह्याला बघत होते, आता उलटं बघताना मजा वाटली.

वंदना एकदाही थांबली नाही. नव्या बुटांनी तिला फोड आला होता, पण कुरकुर नाही.

पाइप होता तिथेच होता. खाली बघू नये असं म्हणतात आणि सगळे बघतात, तसं मीही बघितलं आणि कातळाला पाठ लावली. बाळाराम कमरेला दोर बांधून पहिला गेला. अलीकडून दोर मी धरला होता. पलीकडे जाऊन त्याने स्वतःला कातळातल्या खुंटीला अडकवलं, सगळा दोर आपल्याकडे ओढून घेतला आणि त्याचं मोकळं टोक आमच्याकडे फेकलं. आमची पद्धत अशोकने घालून दिलेली होती, आधी सामान, मग माणूस. मी माझी सॅक बांधली. आत स्टोव्ह, पाण्याच्या बाटल्या आणि सुनंदाच्या भाकऱ्या होत्या. वंदना माझ्या शेजारी कमरेला पट्टा घालून तयार होती. तिच्या हातात लोखंडी कडी होती, उघडी धरलेली. सॅक पोचली की दोराचं तेच टोक परत यायचं आणि त्या कडीत अडकायचं.

"ओढ!" मी ओरडले.

सॅक कड्यावरून सुटली आणि खिंडारात लोंबली. बाळारामने एक हात ओढला, दुसरा ओढला. आणि मग सॅक नव्हती.

आवाज झाला नाही. दोर तुटताना काडकन आवाज होत असेल अशी माझी समजूत होती. काही नाही. बाळाराम मागे कोलमडला, त्याच्या हातात दोराचा एक तुकडा वर उडाला, आणि बऱ्याच वेळाने खाली झाडांत काहीतरी आदळल्याचं ऐकू आलं.

वंदनाने हातातली कडी मिटली. उघडली. परत मिटली. दोराचं टोक तिथे नव्हतं.

मी तिचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिले, जणू ती पडणारच होती. बाळाराम पाइपावरून रांगत परत आला तेव्हा त्याला घाम फुटला होता. त्याने तुटलेलं टोक दाखवलं. वरून निळा-केशरी, आणि आत जुन्या गादीतला कापूस. मी चिमटीत धरून ओढलं आणि माझ्या, ह्या संधिवाताच्या बोटांत, तो तुकडा तुटून आला. टोकं आम्ही खेचून बघितली होती. मधला भाग कुणी बघितला होता?

तेवढ्यात मागून कल्याणच्या तरुण मंडळींचा एक गट आला. पुढे सायली नावाची मुलगी होती, शिट्टी गळ्यात, आवाज चढलेला. आमची तोंडं बघून ती थबकली, तुकडा हातात घेतला आणि म्हणाली, "काका, हा रोप कुठे ठेवलेला? बॅटरी-बिटरीजवळ?"

बाळारामने हो म्हणून मान हलवली.

"आम्हाला ट्रेनिंगमध्ये पहिलं हेच सांगितलेलं. ॲसिडची वाफ लागली, एखादा थेंब जरी लागला ना, तर दोर आतून खतम. वरून काहीच दिसत नाही."

मला सुनंदाचं ठिगळ आठवलं. दरवेळी तळालाच विरणारी पिशवी आठवली. जो दोर नुसता खुंटीवर टांगला असता तर कदाचित बरा राहिला असता, त्याला आम्ही घरातली सगळ्यात मानाची जागा दिली होती.

"मना काय म्हाईत," बाळाराम खाली बसला. "मी त्याला हळद वाहिली गं वहिनी. दर वर्षी वाहिली." एवढा मोठा माणूस तोंड झाकून रडायला लागला.

मी म्हटलं, उतरू या. मला खरंच वाटलं की दिवस संपला. वंदना मात्र सायलीकडे वळली होती.

"तुझा दोर किती जुना आहे?"

"मागच्या दिवाळीतला, काकू. टेन्शन नका घेऊ, एकदम सॉलिड आहे."

"ठेवतेस कुठे?"

"माझ्या खोलीत. दाराच्या मागे."

"इकडे दे."

वंदना कातळावर बसली आणि तिने तो दोर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हातातून सोडला, वितीवितीने दाबत, वाकवत. तांदूळ निवडायला बसावं तशी बसली होती. पोरं बघत होती, कुणी घाई केली नाही. मग ती उठली, कडी अडकवली आणि म्हणाली, "चल."

जी बाई इतकी वर्षं इथे बसून राहिली, ती आत्ता, हे बघितल्यावर, निघाली? "वंदना, वेड लागलंय का तुला?" मी म्हटलं.

"मीरा, अगं, आता मला माहितीय कशावर चालले आहे," ती म्हणाली, आणि सायली दोर घेऊन पलीकडे पोचताच तिने पाइपावर पाय टाकला.

ती सावकाश गेली. अर्ध्यावर थांबली, खाली बघितलं, आणि पुढे गेली. पलीकडे पोचल्यावर पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला जमलं नाही. बाळारामही उठला नाही. आम्ही दोघं अलीकडे, त्या पोरांच्या सॅका सांभाळत बसलो, आणि माझ्या खिशातली गूळपोळी अर्धी-अर्धी खाल्ली. वंदना बालेकिल्ल्यावरून हात करत होती.

परत ठाकुर्ली

उतरून सरळ बाळारामच्या घरी गेलो. सुनंदाने आमचे चेहरे बघून चहा ठेवला. वंदनाने उरलेला दोर अंगणात पसरला आणि कात्री मागितली.

"वहिनी, नको," बाळाराम म्हणाला. "तो नुसता दोर नाय. तो अशोक हाय."

"अशोक असता तर पहिली कात्री त्यानेच लावली असती."

"कपडे वाळत घालायला तरी..." सुनंदा म्हणाली.

"नाही. उद्या कुणाचं तरी पोर झोका बांधेल."

ती कापत गेली. काही ठिकाणी दोर इतका चिवट होता की कात्री दोन्ही हातांनी दाबावी लागली, आणि काही ठिकाणी पातं नुसतं टेकवताच सुटत होता. कुठला तुकडा कसला, हे बघून कुणालाच ओळखता येत नव्हतं. सगळे तुकडे वीतभर झाल्यावरच ती थांबली. मग पहिल्यांदा रडली. मी तिच्याजवळ बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला फेकून द्यायच्या वस्तूबद्दल बोलायला तोंड उरलं नाही.

ह्या दसऱ्याला बाळारामने आम्हाला दोघींना बोलावलं. वंदना धम्मचक्र दिनाचा कार्यक्रम आटोपून पांढऱ्या साडीतच आली. खंडेनवमीची पूजा आदल्या दिवशी झाली होती, पण आम्हाला दाखवायची म्हणून त्याने ती मोडली नव्हती. कोयते, विळे, ड्रिल, पंप, सगळ्यांना माळा होत्या. बाळारामने घेतलेला नवा दोर मात्र कुठेच दिसेना.

"तो दाराच्या मागे हाय, खुंटीवर," बाळाराम म्हणाला. "त्याला नाय पुजायचा. त्याला दर महिन्याला हातातून काढायचा."

दोराच्या जागी, ओळीत अगदी मधोमध, लाल कापडावर सुनंदाची कात्री ठेवली होती. तिच्यावर हळदीकुंकू आणि एक झेंडूचं फूल.

वंदना वाकली. तिने फूल बाजूला सारलं, कात्री उचलून पात्यावरून अंगठा फिरवला आणि बाळारामच्या हातात दिली.

"बोथट झालीय," ती म्हणाली. "धार लावून आण."